चेन्नईत घर कुठे बघावं? बदलीवर येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अकरा वर्षांत आमची चेन्नईत तीन घरं झाली. आधी वेळचेरी, मग वेस्ट मांबलम आणि आता तिरुवान्मियूर. नवरा सिरुसेरीला, मी गिंडीला. पुण्याकडच्या कोणाची इकडे बदली झाली की ओळखीतून ओळख काढून फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी काय बघायचं? ऑफिस, शाळा की भाडं?

पाणी. नळाला कुठलं येतं, पावसाचं कुठे साचतं आणि समुद्र तुमच्या गच्चीपासून किती लांब आहे. भाड्याचा नंबर त्यानंतर. मी हे आता ठामपणे सांगते, कारण आम्ही पहिलं घर नेमकं उलट्या क्रमाने निवडलं होतं.

पावसाचं एवढं काय? पाऊस आपल्याकडेही पडतो.

आपल्याकडे पाऊस परतीला लागतो तेव्हा इथला सुरू होतो. जून-जुलैत चेन्नईत संध्याकाळच्या सरी येतात, तेवढंच. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाला साधारण १४०० मिलीमीटर पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त या तीन महिन्यांत. तोही रोज थोडा थोडा नाही. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, दोन दिवस आभाळ फाटतं, मग आठवडाभर लख्ख ऊन. शहर सपाट आहे, समुद्रसपाटीपासून फार वर नाही, त्यामुळे पाणी वाहून जायला उतारच नाही. त्यात भर म्हणजे जुनी तळी बुजवून त्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. गजबजलेलं टी. नगरसुद्धा १९२०च्या दशकात एका लांबलचक तळ्याच्या जागेवर वसवलं गेलं. वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड आहे. लेक शोधायला जाऊ नका, तुम्ही त्यातच उभे असता.

आम्ही वेळचेरीचं घर एप्रिलमध्ये पाहिलं. तळमजला, पुढे छोटी बाग, भाडं बजेटमध्ये. एजंटला पाण्याचं विचारलं तर तो म्हणाला, "कधीच नाही, मॅडम." १ डिसेंबर २०१५च्या रात्री आम्ही उंबऱ्याला टॉवेल आणि गोणपाटं लावून बसलो होतो. पाणी दारातून आलंच नाही. ते बाथरूमच्या जाळीतून आलं, आधी बुडबुडे, मग काळं, मग भराभर. तासाभरात स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर आडवा होऊन हलायला लागला. वरच्या मजल्यावरच्या मामींनी आम्हाला तीन रात्री ठेवून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला तमिळ येत नव्हतं. रसम-भाताला भाषा लागली नाही.

त्या वेळी अड्यार नदीच्या काठचं सैदापेट, कोट्टूरपुरम, तिकडे तांबरमजवळचं मुडिचूर, सगळीकडे हाहाकार होता. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा वेळचेरी, पळ्ळिकरणै, पेरुंबाक्कम पुन्हा बुडाले. पळ्ळिकरणैचा तो पट्टा मुळात पाणथळ आहे, २०२२पासून रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. पाणी तिथे येतं म्हणून आपण चिडतो, पण ते तिथलंच आहे.

मग एखादी गल्ली बुडते की नाही हे कसं ओळखायचं?

एजंटला आणि मालकाला विचारू नका. कोपऱ्यावर हातगाडी लावून इस्त्री करणारा असतो, त्याला विचारा. तो पंचवीस वर्षं त्याच जागी उभा असतो आणि त्याला कमिशन मिळत नाही. कंपाउंडच्या भिंतीकडे बघा. रंग नवा आणि खालच्या तीन फुटांत पोपडे, म्हणजे समजायचं. तळमजल्यावरचे स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर असतील, फाटकापासून घरात शिरायला चार-पाच पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर त्या माणसाने अनुभवातून बांधलंय. जमलं तर नोव्हेंबरात मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी त्या भागातून चालत फिरा. तेवढ्यासाठी पहिले दोन महिने कंपनीच्या गेस्ट हाउसवर काढावे लागले तरी चालेल.

आणि चेन्नईत तळमजला घेऊ नका. मधला घ्या.

मधलाच का? वरचा मजला हवेशीर असतो ना?

मे महिन्यात या आणि पश्चिमेकडच्या वरच्या मजल्यावर दुपारी तीन वाजता भिंतीला हात लावून बघा. गच्ची तापते, ती रात्री दोनपर्यंत खोलीत उतरत राहते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंतच्या उन्हाला इथे 'कत्तिरी' म्हणतात, पंचांगात अग्निनक्षत्र. पारा चाळिशी ओलांडतो. पुण्याचं ऊन कोरडं असतं, सावलीत गेलं की सुटका. इथे सावलीतही घाम टिपत बसावं लागतं.

पण इथे एक दयाळू गोष्ट आहे. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. बेझंटनगर, तिरुवान्मियूर, मैलापूर, सांतोम या किनाऱ्याकडच्या भागांत तो आधी पोहोचतो. पोरूर, अंबत्तूरकडे जाईपर्यंत उशीर होतो आणि जोरही कमी होतो. ज्या दिवशी पश्चिमेचा कोरडा वारा जोरात असतो त्या दिवशी हा वारा आत यायलाच उशीर करतो, आणि मग सगळं शहर भाजून निघतं. तरी पूर्वेला खिडकी असलेलं घर मिळालं तर थोडं जास्त भाडं द्या. ते एसीच्या बिलातून वसूल होतं.

किनाऱ्याचा तोटाही सांगून टाकते. खारं वारं लोखंड खातं. आमच्या एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्या वर्षी चाळणीसारखं झालं. सायकल तर विचारूच नका.

नळाला पाणी कसं असतं?

इथे तीन पाणी असतात: मेट्रो वॉटर म्हणजे महानगराच्या पाणी मंडळाचं, बोअरचं आणि टँकरचं. प्यायला बहुतेक जण वीस लिटरचे कॅन आणतात किंवा आरओ लावतात. मेट्रो वॉटर जमिनीखालच्या टाकीत येतं, तिला संप म्हणतात, आणि तिथून मोटरने वर चढतं.

२०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराचे चारही तलाव जवळपास कोरडे पडले. तेव्हा आम्ही वेस्ट मांबलमला होतो. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की रंगीत प्लास्टिकच्या कुडमांची रांग लागायची. कुडम म्हणजे कळशी. माणसांच्या आधी कळशा रांगेत उभ्या असायच्या आणि कोणती कोणाची यावर वाद होत नसे. ओएमआर म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता, आयटी कंपन्यांचा पट्टा. तिथल्या मोठ्या संकुलांचे हाल वेगळे होते. तिथे स्विमिंग पूल होता आणि आंघोळीला टँकरचं पाणी.

म्हणून मालकाला नेमकं विचारा. मेट्रो वॉटरची जोडणी आहे का? संप किती लिटरचा? उन्हाळ्यात टँकर मागवले तर पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे? बोअरचं पाणी जिभेवर टाकून बघा. खारट लागलं तर केसांना, कपड्यांना आणि गिझरला रोज तेच लागणार आहे. २००३पासून तमिळनाडूत प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. पाइप नुसता भिंतीवर लटकतोय की खरंच विहिरीत किंवा खड्ड्यात उतरतोय, तेही बघून घ्या.

मैलापूर बघितलं आणि प्रेमात पडलो. राहायला घ्यावं का?

प्रेमात पडणं बरोबरच आहे. कपालीश्वराच्या देवळाभोवतीचे चार रस्ते, त्यांना इथे माड म्हणतात, पहाटे साडेपाचला बघायचे असतात. दारासमोर पाणी शिंपडून बायका कोलम काढत असतात. आपली रांगोळी दोन बोटांतून पडते, तशीच ही तांदळाच्या पिठीची, पण आधी ठिपके आणि मग एका दमात न तुटणारी रेघ. कोपऱ्यावर फुलवाली मोगरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून देते. त्या मापाला मुळम म्हणतात. तिचा हात आखूड असेल तर गजरा आखूड. गिऱ्हाइकं उंच फुलवालीकडे जातात, हे मी स्वतः पाहिलंय. नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात, तिला गोलू म्हणतात; त्या बाहुल्यांची दुकानं याच रस्त्यांवर लागतात. पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलकडे, त्रेसष्ट नायनारांची, म्हणजे शिवभक्त संतांची, मिरवणूक निघते आणि त्या दिवशी तुमच्या दारातून रिक्षासुद्धा बाहेर पडू शकत नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना. सकाळपासून रात्रीपर्यंत सभांमध्ये, म्हणजे संगीत मंडळांच्या सभागृहांत, कर्नाटक संगीताच्या मैफली. मैफलीला इथे कचेरी म्हणतात. टीटीके रोडवरची म्युझिक अकॅडमी १९२८पासूनची, पण गल्लीबोळांतल्या लहान सभांत दुपारचे कार्यक्रम फुकटही असतात. कॅन्टीनला रांग गाण्यापेक्षा मोठी. सवाईला जाणाऱ्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. फक्त सवाई काही दिवसांत संपतो, हे महिनाभर चालतं.

आता राहण्याचं. मैलापुरात जुनी घरं पाडून चार मजली फ्लॅट झालेत, लिफ्ट असतेच असं नाही, पार्किंग बहुधा नसतं. "शाकाहारींनाच" अशी अट सर्रास. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची खणाखणी इथून जाते, त्यामुळे आज मोकळा असलेला रस्ता उद्या पत्र्याने बंद असतो. दोघंच असाल, देवळाचा घंटानाद आवडत असेल आणि गाडी नसेल तर जरूर घ्या. दोन मुलं, दोन गाड्या आणि ओएमआरला नोकरी असेल तर मंडावेळी किंवा अड्यारला राहा आणि मैलापूरला रविवारी या.

नोकरी ओएमआरला आहे. तिथेच राहणं शहाणपणाचं नाही का?

शोळिंगनल्लूर, सिरुसेरीला ऑफिस असेल तर प्रवास वाचतो, हे खरं. घरं नवी, मोठी, लिफ्ट-जनरेटरवाली. शेजारी कोलकात्याचे, लखनौचे, नागपूरचे. तमिळ न शिकता दहा वर्षं काढणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. तुम्हाला तेच हवं असेल तर उत्तम. पण मग चेन्नईला आलो असं म्हणू नका, हिंजवडीलाच आहात, फक्त घाम जास्त.

मधला मार्ग म्हणजे तिरुवान्मियूर, इंदिरानगर, कस्तुरबानगर. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बीच–वेळचेरी लोकलची स्टेशनं इथे आहेत, आयटीवाल्यांचं टायडल पार्क हाकेच्या अंतरावर, कंपन्यांच्या बस इथूनच सुटतात. आम्ही शेवटी इथे आलो. घरापासून चालत मरुंदीश्वराचं देऊळ एका बाजूला, कलाक्षेत्र दुसऱ्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६मध्ये सुरू केलेली ही नृत्यशाळा. संध्याकाळी आतल्या झाडांखालून नट्टुवंगमचा, म्हणजे नाचाला साथ देणाऱ्या झांजांचा, ताल ऐकू येतो. भाडं जास्त आहे, खोल्या लहान आहेत. आम्ही एक बेडरूम कमी घेतली.

अण्णानगर, नंगनल्लूर, पेरांबूर यांच्याबद्दल कोणी बोलत नाही?

अण्णानगर आखून वसवलेलं, रुंद रस्ते, झाडी, मेट्रो दाराशी. तिथला उंच मनोरा १९६८च्या व्यापार प्रदर्शनासाठी बांधलेला. ऑफिस अंबत्तूर किंवा शहराच्या मध्यात असेल तर फार सोयीचं, फक्त समुद्र विसरा. नंगनल्लूर विमानतळाजवळ, देवळांचं गाव, निवृत्त लोकांची वस्ती, मेट्रो आहे. पेरांबूर रेल्वेचं, डबे बनवणाऱ्या आयसीएफच्या आसपासचं. भाडं परवडतं आणि माणसं मोकळी. तिकडच्या सखल भागात पाणी भरतं, गल्लीगणिक चौकशी करा.

अ‍ॅडव्हान्स दहा महिन्यांचा मागतात म्हणे?

मागतात. डिपॉझिट म्हणालात तरी ते अ‍ॅडव्हान्सच म्हणतील. तमिळनाडूचा २०१७चा भाडेकरू कायदा २०१९पासून लागू आहे आणि त्यात तीन महिन्यांची मर्यादा आहे. मात्र दोघांनी वेगळं ठरवून लिहिलं तर ते चालतं, आणि मालक नेमकं तेच लिहून घेतात. नव्या संकुलांत पाच-सहा महिन्यांवर जमतं. जुन्या भागांत घासाघीस करून दहाचे सहा होतात. घर सोडताना रंगाचे पैसे कापतात, ते किती हे करारातच लिहून घ्या. आमच्या एका मालकांनी खिळ्याच्या भोकांचे वेगळे लावले होते.

विजेला इथे सगळे ईबी म्हणतात. बिल दोन महिन्यांनी येतं आणि घरगुती ग्राहकाला पहिले शंभर युनिट माफ असतात. मालकाने आतला मीटर लावून स्वतःचा दर ठरवला असेल तर ही माफी तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. स्वतंत्र जोडणी असलेलं घर बघा.

मासे-मटण खातो. घर नाकारतील का?

मैलापूर, वेस्ट मांबलम, नंगनल्लूरला नाकारतील, तेही तोंडावर. "नॉन-व्हेज?" हा नावानंतरचा दुसरा प्रश्न असतो. आमच्या घरी बुधवारी-रविवारी मासळी लागते, तरी वेस्ट मांबलमची तीन वर्षं आम्ही बाहेर खाऊन काढली, कारण सासूबाई सोबत होत्या आणि त्यांना भाजीबाजार, डॉक्टर, अयोध्या मंडपमचं भजन सगळं पायी हवं होतं. त्यांचा जीव रमला. माझा सुरमईत अडकला होता. किनाऱ्याकडे, अण्णानगरला, ओएमआरला अशी अडचण सहसा येत नाही. एकट्या मुलांना मात्र सगळीकडेच वणवण, मुलींना त्याहून थोडी कमी.

मराठी माणसं कुठे भेटतील?

ओएमआरवर आयटीतली नवी. सौकारपेटेत जुनी. विटा, खानापूर, आटपाडीकडचे सोन्या-चांदीचे गलाई व्यावसायिक तिथे आहेत, गणपतीत आरती आपल्याच चालीवर ऐकू येते. शहराच्या त्याच जुन्या भागात तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळचं देऊळ आहे. शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी तिथे दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात.

आणि तिसरी माणसं, ज्यांची गाठ अवचित पडते. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हापासून तिकडे स्थायिक झालेल्या घराण्यांचे वंशज. तंजावरची भोसल्यांची गादी १८५५पर्यंत होती. माणसं परतली नाहीत, राव, रायर अशी नावं लावून इथलीच होऊन राहिली. वेस्ट मांबलमला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा जिन्यात थांबल्या, माझं फोनवरचं बोलणं ऐकत राहिल्या आणि मग तमिळ हेलात, पण मराठीत, विचारलं की तू कुठली? मी पुण्याची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आम्हीही तिकडचेच. कधी आलात विचारलं तर हसल्या.

तमिळ नाही आलं तर?

हिंदीवर विसंबू नका. इंग्रजीवर काम भागतं, पण भाजीवाली, पाण्याचा कॅनवाला आणि रिक्षावाला यांच्याशी दहा-पंधरा शब्द लागतात. तन्नी पाणी, वीडु घर, एव्वळवु किती. पुरुषाला अण्णा, बाईला अक्का म्हणा. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना हे शिकवावं लागत नाही. ळ आपल्याकडे आहेच, तेवढी दिल्लीवाल्यांपेक्षा सोय. मुलांना शाळेत तमिळ घ्यावं लागेल का, हे बोर्ड आणि इयत्तेवर ठरतं. राज्य मंडळाच्या शाळांत ते असतंच, इतरत्र प्रवेशाआधी शाळेलाच विचारा.

घर शोधायला कोणता महिना बरा?

आडी महिना, मध्य-जुलै ते मध्य-ऑगस्ट. त्या महिन्यात तमिळ माणूस शक्यतो नव्या घरात जात नाही, मार्गळीतही नाही. रिकामी घरं पडून असतात आणि मालक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात. मात्र राहुकाळात अ‍ॅडव्हान्स द्यायला जाऊ नका. तिरुवान्मियूरच्या आमच्या मालकांनी चेक टेबलावर ठेवू दिला, कॉफी पाजली, क्रिकेटवर गप्पा मारल्या आणि घड्याळात साडेचार वाजून गेल्यावर तो उचलला. मग म्हणाले, आधी दूध तापवा, सामान नंतर आणा.

ज्वारीचं पीठ मिळतं का?

ज्वारीला चोलम म्हणतात आणि बाजरीला कंबु. धान्य कुठल्याही जुन्या किराणा दुकानात मिळतं. प्रश्न दळण्याचा आहे. गिरणीत आधी तांदूळ किंवा मिरची दळलेली असते, त्यामुळे पहिली भाकरी तिखट होते. सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या जा.